घोडे वेगळे, रुपये वेगळे

‘6क्ष + 300’ एवढंच फळ्यावर लिहिलं, की पारशिवनीतल्या माझ्या आठवीच्या वर्गातून हमखास उत्तर येतं, ‘306क्ष’. वर पुष्टीही जोडली जाते: ‘मॅडम, अधिकचं चिन्ह हाये तं बेरीज कराच लागन ना?’ मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. अधिकचं चिन्ह म्हणजे बेरजेचा हुकूम, हे मूल पहिलीपासून शिकत आलेलं असतं. बेरीज नुसती मांडून ठेवायचीही असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लगेच नियम सांगण्यापेक्षा मी क्षच्या जागी 1 ठेवायला लावते. दोन्हीकडे 306 येतात, वर्ग खूश होतो. मग 2 ठेवले, की एकीकडे 312 आणि दुसरीकडे 612.

आता भास्कराचार्य मदतीला येतात. बाराव्या शतकातल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त एक सुंदर उदाहरण आहे. एकाकडे 6 घोडे आणि 300 रुपये. दुसऱ्याकडे 10 घोडे, पण 100 रुपये कर्ज. सगळे घोडे एकाच किमतीचे, दोघांची मालमत्ता सारखी. घोडा केवढ्याचा? भास्कराचार्य अज्ञाताला ‘या’ आणि ज्ञात संख्येला ‘रू’ लिहीत, ऋण संख्येवर टिंब देत. एक बाजू वर, दुसरी तिच्याखाली. त्यामुळे ‘या’खाली ‘या’ येतो, ‘रू’खाली ‘रू’. सरूप पदं मांडणीतच एकत्र येतात. आपल्या मांडणीत हेच 6क्ष + 300 = 10क्ष – 100. दोन्हीकडून 6क्ष काढायचे, दोन्हीकडे 100 मिळवायचे: 400 = 4क्ष. घोडा 100 रुपयांचा.

इथे मी मुद्दाम थांबते. क्ष म्हणजे घोडा नव्हे, घोड्याची किंमत. म्हणजे एक संख्या. कुठल्याही संख्येच्या दहापटीतून सहापट गेली की चौपट उरते, म्हणून 10क्ष – 6क्ष = 4क्ष. क्षला घोडा समजणारं मूल पुढे क्षचा वर्ग आला की अडतं, कारण घोड्याला घोड्यानं गुणता येत नाही. ‘पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे सूत्रही मी उशिराच देते. काय काढलं आणि काय मिळवलं, हे आधी हातानं केलेलं असावं.

शेवटी ताळा. 6 × 100 + 300 = 900 आणि 10 × 100 – 100 = 900. उत्तर बरोबर आहे का, हे ठरवायला मग मॅडम लागत नाहीत. म्हणून माझ्या वर्गात ताळ्याशिवाय समीकरण पुरं होत नाही.