गुडघ्याचा व्यायाम मोबाईलवर आला, पण आपल्या आयांपर्यंत पोचला का?

मंडळी, आज जरा गुडघ्यांबद्दल बोलू. हसू नका, विषय गंभीर आहे. कुठल्याही हळदीकुंकवाला नाहीतर सप्ताहाला बघा, साठीच्या पुढच्या बायका आधी खुर्ची शोधतात. विचारलं की उत्तर ठरलेलं : "वय झालं, गुडघे जायचेच."

हे अर्धंच खरं आहे. गुडघ्यातली झिजलेली कुर्चा परत येत नाही, हे बरोबर. पण मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. म्हणून या आजारावर जगभरात पहिला उपचार सांगतात तो व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं. ऑपरेशन शेवटी. आपल्याकडे मात्र गोळी, मलम, इंजेक्शन आणि मग थेट ऑपरेशन. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, चांगलंच केलं. पण ऑपरेशन टाळणारा व्यायाम घरोघरी नेण्यासाठी तेवढी धडपड दिसते का?

माझ्या आईचं सांगतो. वय ६६. चिठ्ठीवर चार गोळ्या आणि तळाला एक ओळ : व्यायाम करा. कुठला, किती वेळा, दुखलं तर थांबायचं की नाही, काहीच नाही. फिजिओथेरपिस्ट गाठायचा तर कराड. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पैशाचं एवढं नाही. पण जाऊन-येऊन दिवस मोडतो. आठवड्यातून तीनदा नेणार कोण?

मग मोबाईलवर ॲप्स शोधली. व्यायाम चांगले होते, पण सगळं इंग्रजीत, आणि थोड्या दिवसांनी पैसे भरा. वर बरेचसे व्यायाम जमिनीवर आडवं पडून करायचे. आई म्हणाली, "अरे, मला खाली बसता आलं असतं तर हे कशाला बघितलं असतं?"

शेवटी एकदा कराडला जाऊन आलो. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आईला तपासून तीन व्यायाम दिले : खाटेवर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, आणि हात न टेकवता खुर्चीवरून उठायचं-बसायचं. ताई मराठीत सांगतायत, आई करतेय, असा व्हिडिओ मी त्यांना विचारूनच काढला. मोबाईलला संध्याकाळी पाचचा गजर लावला. पुतण्या रोज कॅलेंडरवर खूण करतो. खूण राहिली की आजीला ओरडतो! दोन महिन्यांनी आई खुर्चीवरून आधाराशिवाय उठते. जिना अजून कठडा धरूनच चढते, खोटं कशाला सांगू.

म्हणजे कामाला आलं काय? आपल्या भाषेत नीट सांगणं आणि रोजची आठवण. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०६ जणांवर नेमका असाच प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसती माहिती. दुसऱ्याला वेबसाइटवर व्यायाम आणि मोबाईलवर आपोआप येणारे मेसेज. २४ आठवड्यांनी दुसऱ्या गटात बऱ्याच जास्त लोकांचं दुखणं लक्षणीय कमी झालं होतं. भारी यंत्र नाही, साधा मेसेज!

एक मात्र लक्षात ठेवा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर व्यायाम कमी करा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर मोबाईल बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. ॲप गुडघ्याला हात लावून बघू शकत नाही.

आता मुद्द्याचं. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. गावागावांत आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, दारोदार जाणाऱ्या आशाताई आहेत. मग खाटेवर आणि खुर्चीवर करायच्या व्यायामांचे मराठी व्हिडिओ, रोजचा एक मेसेज आणि महिन्यातून एक दिवस उपकेंद्रात फिजिओथेरपिस्ट, एवढं जमणार नाही? आशाताईंवर हे काम टाकायचं तर त्याचा मोबदलाही द्या, फुकटात नको.

येत्या ग्रामसभेत मी ही मागणी लेखी देणार आहे. गटार आणि रस्त्याइतकाच हा गावाचा प्रश्न आहे, कारण घरात पाणी भरणारी, भाकरी थापणारी, शेतात वाकणारी बाईच खाली बसू शकत नसेल तर घर चालणार कसं?

तुमच्या भागात फिजिओथेरपिस्ट किती लांब आहे, कमेंटमध्ये गावासकट लिहा. अर्जासोबत ती यादीही जोडतो.