शाळेची दुबार पेरणी



मृगावर पेरणी उरकली आणि पुढे पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर आपण काय करतो? रानात जाऊन उगवण पाहतो आणि दुबार पेरणीच्या तयारीला लागतो. पेरणाऱ्याला बोल लावत नाही. उसनवारी करून का होईना, त्याच्या हाती नवे बी देतो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण पेरणाऱ्यालाच धारेवर धरतो. त्याबद्दल आज चार शब्द बोलायचे आहेत.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. आपल्या राज्यात खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या लेकराचे नाव पहिलीत घातले, ते वर्गात पहिल्यांदा बसले तेच दुसरीत. मोबाईलवर अभ्यास येत होता खरा; पण घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात, आणि बाप शेतावर.

माझी पुतणी त्यातलीच. तिसरीत गेल्यावर धडा घडाघडा म्हणून दाखवायची. घरात सगळ्यांना कौतुक. एकदा मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवले, तर पोर गप्प! धडा पाठ होता, वाचता येत नव्हता.

तिच्यासारखी किती? 'असर' नावाची पाहणी देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन केली जाते. दुसरीच्या पातळीचा मजकूर तिसरीतल्या मुलांपुढे ठेवतात. २०१८ साली शंभरात सुमारे २७ मुले तो वाचत होती. २०२२ साली जेमतेम २०. ही २०२२ ची तिसरी म्हणजे पहिली न पाहिलेलीच मुले. २०२४ साली आकडा पुन्हा २७ वर आला, पण ती तिसरी नवी होती. मागची मुले वर्गामागून वर्ग वर सरकत गेली. आणि शंभरात २७ हे तरी कुठले भरघोस पीक?

माझ्या पुतणीला वाचते केले ते तिच्या गुरुजींनी. कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे चार वर्गांच्या शाळेत एकाकडे दोन वर्ग. गुरुजींनी रोज एक तास वर्ग बाजूला ठेवले आणि मुलांचे गट पाडले : अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, उतारा वाचणारी, गोष्ट वाचणारी. तिसरीतली पुतणी दुसरीतल्या मुलांबरोबर अक्षरांत बसली. दिवाळीनंतर शब्दांत गेली आणि होळीपर्यंत गोष्ट वाचू लागली.

पण हाच तास सगळ्यांत आधी बुडतो. आज ही माहिती भरून पाठवा, उद्या ते फोटो, परवा बैठक. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये, असे तो सांगतो. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. या जागा आपल्या आहेत. पण बैठकीला आपण जातो किती जण?

येत्या बैठकीला जा आणि गुरुजींना जाब विचारण्याऐवजी एवढेच विचारा, "गुरुजी, तुमचा वाचनाचा तास कशात जातो?" जे उत्तर येईल त्याचा ठराव करा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. एकटा शिक्षक हे वर बोलू शकत नाही. गाव बोलू शकते.

घरीही थोडे करता येईल. आयाबहिणींनो, तुम्हाला वाचता येत नसले तरी हरकत नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर लेकराला मोठ्याने वाचायला सांगा. पाठ नसलेला मजकूर वाचताना ते सरसर जाते की अडखळते, हे कानाला कळते. कापूस वेचणीला पोरांची शाळा बुडवू नका. तोडीला जाणाऱ्यांनी मूल आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते का, हे गाव सोडण्याआधी शाळेत विचारावे.

आणि २०२० च्या त्या मुलांना विसरू नका. वरच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा आळशीच असेल असे नाही. कदाचित त्याला तो एक तास कधी मिळालाच नसेल. आठवी-नववीत त्याने दप्तर टाकण्याआधी त्याच्यासाठी तो मागून घ्या.