निवडलेली मुलं, उरलेला वर्ग

पारनेर तालुक्याच्या शिवारात ज्वारी हुरड्याला येते, त्याच थंडीच्या सुमाराला पाचवीच्या मुलांची नवोदयची परीक्षा असते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची चाहूल दिवाळीपासूनच लागते. दुपारची खिचडी खाऊन बाकीची पोरं चिंचेखाली धावतात; दोघं-तिघं व्हरांड्यात पुस्तक उघडून बसतात. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, आरशात ती कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला की नक्षी कशी उमटेल. ऊन पानावरून सरकत जातं आणि त्यांची बोटं हवेतच कागद उलगडत राहतात. मी लांबून बघत राहते. त्या एकाग्रतेसारखं सुंदर दुसरं काही शाळेत मला दिसत नाही.

शाळा सुटल्यावर फाटकाशी एखादा बाप थांबलेला असतो. टोपी सारखी करत विचारतो, “बाई, धाडू का पोरीला?”

प्रश्न चार शब्दांचा, पण दहा वर्षांच्या लेकराचं घरदार त्यात उचललं जातं. नवोदय म्हणजे ग्रामीण भागातल्या गुणी मुलांसाठीची निवासी शाळा, म्हणजे वसतिगृह आलंच. सणाला, सुट्टीलाच घर. १९८६च्या शैक्षणिक धोरणानं ही कल्पना देशभर नेली. त्याच सुमाराला पहिली दोन विद्यालयं उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आमच्या जिल्ह्याचं नवोदय याच तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला आहे. सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा भार घरावर पडत नाही. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. आणि ती आयुष्यात एकदाच देता येते.

गुणी मुलीला तिथे काय मिळतं, याचा विचार करताना माझं मन भरून येतं. तिथल्या सदनांना डोंगरांची नावं आहेत: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. कान्हूर पठारापलीकडे न गेलेली मुलगी एके दिवशी म्हणू लागते, मी शिवालिकची. नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात. प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याइतकीच प्रश्नांनी पछाडलेली मैत्रीण शेजारच्या खाटेवर असते. गावात “किती विचारतेस गं” ऐकून गप्प होणारी मुलगी तिथे बोलती होते. ही भूक ज्या लेकराला लागली आहे, त्याला मायेपोटी अडवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पण माझ्या वर्गाकडेही बघते. आमच्याकडे दोन इयत्ता एका खोलीत बसतात. मी एका बाजूला शिकवत असताना दुसऱ्या बाजूला हीच मुलगी शेजारच्या मुलाला भागाकारात शून्य कुठे द्यायचं ते सांगत असते. तिचे शब्द त्याच्या घरचे, त्याच्या शेतातले. माझ्या समजावण्याला ते जमत नाही. तो समजून हसतो, आणि तिलाही भागाकार पहिल्यापेक्षा जास्त कळलेला असतो. हे शिक्षण कुठल्याच प्रश्नपत्रिकेत उतरत नाही. ती संध्याकाळी आजीजवळ बसते, शेळीला पाला टाकते, धाकट्या भावाकडून पाढे म्हणून घेते. त्या घरात, त्या ओसरीवर तिची बुद्धी वाढलेली आहे.

निकाल लागतो. “नंबर लागला” असं एका घरी म्हणतात, पेढे वाटतात. थोड्याशा गुणांनी राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येतो तो खांदे पाडून. दहाव्या वर्षी, दोन तासांच्या कागदावरून, तो स्वतःला ‘ढ’ म्हणू लागतो. वर्गातलं याच्याइतकं मोठं नुकसान मला ठाऊक नाही.

आमच्याकडे मळ्यातली भरदार कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतात. ती कणगीत सांभाळायची ती पुन्हा त्याच रानात पेरण्यासाठी. नवोदयच्या मुळाशीही हेच होतं. या विद्यालयांच्या लिखित उद्दिष्टांत स्पष्ट म्हटलं आहे की आपले अनुभव आणि सोयी वाटून घेऊन त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या शालेय शिक्षणाचा दर्जा उंचावण्याचं केंद्र व्हावं. निवड करण्याला माझा विरोध नाही. वाटून घेण्याचा तो शब्द मात्र पुरेपूर पाळला जावा, एवढाच माझा आग्रह आहे. तिथली प्रयोगशाळा महिन्यातून एकदा आसपासच्या सातवीला उघडी व्हावी, तिथल्या शिक्षकांनी आमच्यात येऊन बसावं, सुट्टीत घरी आलेल्या मुलांनी जुन्या वर्गात येऊन चार दिवस शिकवावं.

म्हणून फाटकाशी थांबलेल्या बापाला मी सांगते, पोरीला विचारा. आधी तिचं ऐका, मग गावाचं. तिला मनापासून जायचं असेल तर निःशंक धाडा. तिचं मन इथेच रमत असेल तर इथे ठेवा. तिला लागतील ती पुस्तकं आपण मिळवू. नंबर नाही लागला, तर तिच्यासमोर उसासा टाकू नका. आणि ती गेली, तरी तुम्ही शाळेशी नातं तोडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं कायदा सांगतो. त्या बैठकांत काय ठरतं याची चौकशी करा, खोली गळते का, वाचनाची पुस्तकं आली का, शिक्षक पुरेसे आहेत का, ते विचारत राहा. तुमची मुलगी जिथे शिकली, तिथे मागे राहिलेली मुलंही तुमचीच आहेत.