लाल काचेतून मिस्टर इंडिया

ज्या चित्रपटातला अदृश्य झालेला नायक फक्त लाल उजेडात दिसतो, तो चित्रपट घरी पाहायला व्हीएचएस टेपइतकं गैरसोयीचं माध्यम दुसरं नव्हतं. शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया' मे 1987 मध्ये लागला. आमच्या हुबळी-धारवाडात माझ्या वयाच्या अनेकांना तो आठवतो तो व्हिडिओवरचा. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर किंवा मुंबई-बंगळूर रस्त्याच्या व्हिडिओ कोचमध्ये पाहिलेला. जुन्या टेपा डिजिटल करून देणं हा माझा व्यवसाय. लग्नाच्या, मुंजीच्या, घरगुती मैफलींच्या टेपांच्या गठ्ठ्यात हा चित्रपट हटकून निघतो, आणि लोक सांगतात, "याचा रंग तेवढा नीट करून द्या."

तो रंग नीट का होत नाही, हे मी प्रत्येकाला समजावून सांगतो. व्हीएचएसवर उजेड-अंधार वेगळा आणि रंग वेगळा नोंदला जातो. उजेड-अंधाराचा तपशील चित्राच्या रुंदीत सुमारे 240 रेघांइतका टिकतो. रंगाच्या वाट्याला चाळिसाच्या आसपास येतात. बाकी रंगांत हे डोळ्यांना फारसं जाणवत नाही. गडद लाल मात्र मुळात कमी उजेडाचा असतो, त्याचं सगळं अस्तित्व रंगाच्या नोंदीवर उभं असतं, म्हणून तो कडेबाहेर ओघळतो. कॉपीवरून कॉपी काढत गेलं की तो थोडाथोडा खालीही सरकतो. ओठांचा लाल हनुवटीवर आलेला मी कितीतरी टेपांत पाहिला आहे. आता अख्खी चौकट लाल असेल आणि त्या लालीत माणसाची आकृती ओळखायची असेल, तर काय उरणार? पीटर परेरांनी संगणकाच्या मदतीशिवाय उभ्या केलेल्या करामती आणि बाबा आझमींचं छायाचित्रण टेपवर आलं ते तांबड्या चिखलासारखं.

पुढे व्हीसीडी आली. लोकांना ती टेपपेक्षा स्वच्छ वाटली, पण लालाच्या बाबतीत तिनेही फारसा न्याय केला नाही. तिची चौकट 352 बाय 288 ठिपक्यांची, आणि रंगाची नोंद त्याच्या निम्मी-निम्मी, म्हणजे 176 बाय 144. टेपवर ओघळणारा लाल इथे चौकोनी ठोकळ्यांत फुटला. चित्रपट 179 मिनिटांचा, एका चकतीवर 74 मिनिटं, तेव्हा तीन चकत्या. चकती बदलायला उठायचं ते बहुधा प्रसंग रंगात आलेला असतानाच. डीव्हीडीने रंगाची परिस्थिती बरीच सुधारली. मात्र हिंदी चित्रपटांच्या कितीतरी डीव्हीडींवर कंपनीचं चिन्ह कोपऱ्यात कायमचं छापलेलं असतं, आणि ते काढण्याचा कुठलाही प्रामाणिक उपाय माझ्याकडे नाही.

आवाजाचं दुखणं वेगळं आहे, आणि ते आमच्याच गावात लवकर पकडलं जातं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटी चालतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही 25. टेप करताना साधारणपणे चित्रपट तेवढा पळवला जायचा. 179 मिनिटांचा खेळ 172 मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळपास चढते. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. इथल्या घराघरांत तानपुरा लावलेला ऐकत मोठी झालेली माणसं आहेत. अशाच एका गायन शिकवणाऱ्या बाईंनी 'काटे नहीं कटते' ऐकून मला विचारलं होतं, किशोरकुमारचा आवाज असा बारीक का लागतो? त्यांचा कान बरोबर होता. टेप उतरवल्यावर वेग पुन्हा 24 वर आणला की किशोरकुमार आणि अलिशा चिनॉय दोघांचे गळे आपापल्या जागी येतात. हे काम फुकटच करून देतो, कारण ते न करता टेप परत देणं मला पटत नाही.

गिऱ्हाइकाशी खरा वाद होतो तो 'साफ करण्या'वरून. फिल्मवरचं चित्र बारीक कणांचं बनलेलं असतं. सॉफ्टवेअरला तो कण आणि टेपचा खरखराट यांतला फरक कळत नाही; ते दोन्ही पुसून टाकतं, आणि त्यांच्याबरोबर कातडीवरची छिद्रं, कापडाचा पोतही. याचं जगजाहीर उदाहरण त्याच 1987 सालच्या, अदृश्य होणाऱ्या शिकाऱ्याच्या 'प्रेडेटर'चं. त्यातला अदृश्य प्राणी चित्रित करताना माणसाला भडक लाल पोशाख घातला होता, कारण जंगलाच्या हिरव्यात लालच वेगळा काढता येतो. म्हणजे दोन्ही चित्रपटांचं अदृश्यपण लालावर तोललेलं. 2010 च्या ब्लू-रेमध्ये 'प्रेडेटर'चे कण इतके घासले गेले की श्वार्झनेगरचा चेहरा मेणाचा दिसू लागला. जगभरच्या रसिकांनी त्यावर टीका केली, आणि 2018 च्या 4के आवृत्तीत कण परत आले. मी म्हणतो, खरखराट थोडा राहिला तरी चालेल, चेहरा राहिला पाहिजे. 'मिस्टर इंडिया'त अधांतरी चाललेल्या वस्तूची तार चांगल्या प्रतीवर दिसलीच, तर तीही पुसू नये. ती माणसाच्या हाताने बांधलेली आहे.

संकलनाचंही तसंच आहे. अदृश्य माणूस कॅमेऱ्याइतकाच कात्रीने घडतो: रिकामी चौकट, मग दचकलेला चेहरा, आणि दोन्हींमध्ये किती क्षण थांबायचं याचा हिशेब. 'मिस्टर इंडिया'त हा हिशेब वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी यांनी मांडला. जाहिरातींना जागा करण्यासाठी प्रसंग छाटलेल्या टेपा माझ्या हातून गेल्या आहेत. त्यांत तो हिशेबच मोडतो, आणि कुठलंही यंत्र तो परत जुळवू शकत नाही.

टेप सोडून फिल्मपर्यंत परत गेलं तर काय होऊ शकतं, ते सिंगीतम श्रीनिवास राव यांच्या 'आदित्य 369'ने दाखवलं. कालयंत्रातून कृष्णदेवरायाच्या विजयनगरात नेणारा हा 1991 चा तेलुगू चित्रपट एप्रिल 2025 मध्ये 4के होऊन पुन्हा थिएटरात लागला. याउलट टेपवरून, व्हीसीडीवरून किंवा डीव्हीडीवरून फुगवलेलं चित्र 4के म्हणून विकणं ही फसवणूक आहे. जुना चित्रपट घरासाठी काढणाऱ्याने तो निगेटिव्हवरून घेतला की थिएटरच्या प्रिंटवरून की टेपवरून, हे वेष्टनावर छापलं पाहिजे. औषधाच्या बाटलीवर घटक छापतात, इथेही तेवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि ज्यांच्या घरी टेपा आहेत त्यांना विनंती. 'मिस्टर इंडिया'वरून 1989 मध्ये कन्नडात अंबरीशचा 'जय कर्नाटक' निघाला. तो किंवा तसा एखादा चित्रपट तुमच्या कपाटात असेल तर रद्दीत घालू नका. टेपा उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. धारवाडच्या पावसात त्यांना बुरशी धरते, म्हणून मृगाआधी झडप उघडून कडा पाहा. पांढरे ठिपके दिसले तर ती टेप चुकूनही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागली की पुढची प्रत्येक टेप बिघडेल. तशीच, न चालवता, जाणकाराकडे द्या.