रविवारच्या अंकाबद्दल थोडं

चि. बेबीस,



तू नगरसेविका झाल्यापासून तुझा प्रभागाचा वृत्तांत दर रविवारी चहाच्या वेळेला फोनवर येतो आणि मी तो शेवटपर्यंत वाचतो. निम्मा वाचतो तू भाची म्हणून, आणि निम्मा जुन्या सवयीनं. मी नोकरी केली ती दुसऱ्या गावच्या नगरपरिषदेत, सभा लिपिक म्हणून. सभागृहात काय बोललं जातं आणि इतिवृत्तात काय उरतं, हे इतकी वर्षं बघितलं की कोणताही सरकारी मजकूर वाचताना डोळा आपोआप गाळलेल्या जागांकडे जातो. परवा तू म्हणालीस, ‘मामा, कसं वाटतं ते खरं सांगा.’ फोनवर खरं सांगायला गेलं की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे.

आधी हे सांगतो की तू करते आहेस ते मला मनापासून आवडलं. मधली तीन-चार वर्षं आपल्याकडच्या नगरपरिषदांवर प्रशासक होते. नळाला पाणी का नाही, हे विचारायचं कोणाला तेच लोकांना कळत नव्हतं. डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली, आणि निवडून आलेलं माणूस दर आठवड्याला आपणहून काहीतरी सांगतं आहे, ही साधी गोष्ट नाही. गावात निदान ग्रामसभा असते. वर्षाला चार व्हायलाच हव्यात, कायदाच आहे. गणपूर्तीचा गोंधळ होतो, भांडणं होतात, पण सरपंचाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. शहरातल्या माणसाला अशी जागाच नाही. प्रभाग समित्यांची सक्ती राज्यघटनेनं केली ती तीन लाखांवरच्या शहरांसाठी. क्षेत्रसभा 2009 साली आपल्या राज्याच्या कायद्यात आली खरी, पण ती भरलेली मी तरी कधी बघितली नाही. तेव्हा तुझ्या प्रभागातल्या माणसाच्या हातात आज तुझा रविवारचा अंक आहे, दुसरं काही नाही. माझी कुरकुर आहे ती म्हणूनच.

मागच्या अंकात शाळेमागच्या गटाराची बातमी होती. ‘सततच्या पाठपुराव्याला यश! गटार मंजूर!’ खाली मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतानाचा फोटो. आता शाळेमागच्या माणसानं काय समजायचं? तो समजणार, पुढच्या आठवड्यात जेसीबी येणार. तुला आणि मला माहीत आहे की अजून फक्त सभेचा ठराव झाला आहे. त्यावर अभियंता अंदाजपत्रक करणार, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, त्यासाठी फाईल गावाबाहेरच्या कचेरीत जाणार. मग निविदा. पहिल्या वेळी कोणी निविदा भरली नाही तर फेरनिविदा. मग कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. यातल्या कुठल्याही टेबलावर गटार सहा महिने आरामात झोपू शकतं. पावसाळ्यात शाळेच्या मैदानात पाणी साचेल तेव्हा लोक त्या ‘मंजूर’चा फोटो तुलाच पाठवतील, आणि तू खोटं बोललीस असं त्यांना वाटेल. तू खोटं बोलली नव्हतीस. फक्त पुढच्या पायऱ्या सांगितल्या नव्हत्यास.

म्हणून प्रत्येक कामापुढे एवढंच लिही: फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, आणि कोणत्या तारखेपासून आहे. अधिकाऱ्याचं नाव नको, टेबल पुरे. ‘गटार, अंदाजपत्रक तयार, तांत्रिक मान्यतेसाठी पाठवलं, 9 तारखेपासून तिथेच.’ पुढच्या रविवारी काही हललं नसेल तर तीच ओळ पुन्हा छाप. लाजू नकोस. एकच ओळ चार रविवार तशीच दिसली की लोकच विचारायला जातात, आणि चार माणसं विचारायला आली की फाईल कशी चालायला लागते हे मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूनं बघितलं आहे. कार्यादेश निघाला की रक्कम, ठेकेदार आणि मुदत छाप. काम झाल्यावर दोषदायित्वाची तारीखही छाप. त्या तारखेच्या आत गटार फुटलं तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं, आणि हे निम्म्या गावाला माहीत नसतं.

यात गुपित फोडण्यासारखं काही नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम हेच म्हणतं: कार्यालयानं बरीचशी माहिती कोणी मागायच्या आधीच जाहीर करायची. कार्यालयं करत नाहीत, तर नगरसेविकेनं केली म्हणून काय बिघडलं?

पैशाबद्दल तू अजून एक ओळही लिहिलेली नाहीस. तुझ्याकडे लोक रस्ता मागतात, तू ‘निधी उपलब्ध नाही’ म्हणतेस, आणि त्याच आठवड्यात घनकचऱ्याच्या गाड्यांचं लोकार्पण होतं. माणूस चिडणारच. त्याला सांग ना, की पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. त्यातून डांबर टाकता येत नव्हतं, मुख्याधिकाऱ्याची कितीही इच्छा असली तरी. उरलेल्या 40 टक्क्यांवर सगळ्या गावाची ओढाताण. हे तीन ओळींत लिहून होतं. लोकांना हिशोब कळत नाही असं पुढाऱ्यांना फार वाटतं. बचतगट चालवणाऱ्या बायकांना अंदाजपत्रक कळणार नाही, हे मला कोणी पटवून दाखवावं.

आणि घरपट्टी. दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी तुझ्या कारकिर्दीत येणार म्हणजे येणारच. त्या आठवड्यात अंकात हळदीकुंकवाचे फोटो आले तर मी तुझा अंक उघडणं बंद करीन. वाढ किती, हरकत कुठे घ्यायची, मुदत कधीपर्यंत, आणि तू स्वतः त्या बाजूनं होतीस की विरोधात, एवढं पहिल्या पानावर पाहिजे.

हे शेवटचं मला जरा जास्त महत्त्वाचं वाटतं. नगरसेवक सभेत कोणत्या बाजूनं हात वर करतो, हे त्याच्या मतदाराला कधीच कळत नाही. आमच्याकडे बहुतेक ठराव ‘सर्वानुमते’ लिहून व्हायचे. सभागृहात दोघं ओरडत असायचे आणि मी खाली मान घालून ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायचो, कारण विरोध नोंदवा असं कोणी म्हणायचंच नाही. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला, आणि बत्तीस सभासदांत विरोधात ते एकटे होते. ते हरले, खर्च झाला. तरी आज आपण बोलतो ते त्या एका विरोधी मताबद्दल. बाकीच्या एकतीस जणांची नावं सांगता येतील का तुला? तू काही फुले व्हावंस असं मी म्हणत नाही. पण ज्या ठरावाला तुझा विरोध असेल तो इतिवृत्तात नोंदवून घे, आणि रविवारी लिही: ‘या विषयाला मी विरोध केला, कारण हे.’ पाठिंबा दिलास तरी लिही. आयत्या वेळच्या विषयांवर तर खास नजर ठेव. सभा संपत आली, बाहेर भज्यांचा वास सुटला की जे विषय येतात, त्यांतच बहुतेक वेळा खरा माल असतो.

तुझ्या पक्षाला हे आवडणार नाही, हे मला कळतं. अंक जपून ठेवणारे विरोधक पाच वर्षांनी त्यातलंच पान तुझ्यासमोर धरतील, हेही कळतं. धरू देत. ज्या अंकातलं काहीच उद्या तुझ्याविरुद्ध वापरता येणार नाही, तो अंक आज तरी कोणी खरा का मानावा? चौकातल्या फ्लेक्सवर कोणी विश्वास ठेवत नाही तो याचसाठी. त्यावर चुकीचं ठरेल असं काही लिहिलेलंच नसतं.

आता जरा नाजूक विषय. तुझ्या प्रभागातून तुम्ही दोघं निवडून आला आहात, आणि दुसरे गृहस्थ पलीकडच्या पक्षाचे. तुझ्या अंकांत त्यांचं नाव एकदाही नाही. पाण्याच्या टाकीच्या झडपेसाठी ते तुझ्याबरोबर अभियंत्याकडे आले होते, हे मला तुझ्याच आईनं सांगितलं. मग ‘आम्ही दोघं गेलो होतो’ लिहायला काय हरकत होती? झडप एकच आहे, तिचं श्रेय दोघांनी वेगवेगळं छापलं की लोक दोघांनाही हसतात. निराधार योजनेचंही तसंच. ते तहसील कार्यालयाचं काम, तू अर्ज भरायला मदत केलीस, चांगलंच केलंस. तेवढंच लिही. आणि त्या अर्जदार म्हातारीचा हातात कागद देऊन काढलेला फोटो काढून टाक. तिला पैसे मिळतात हे अख्ख्या आळीनं फोनवर बघायची गरज नाही. तिच्या मुलांनी तर नाहीच नाही.

दुसरी नाजूक गोष्ट जावईबापूंची. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या मराठीवर माझा लोभ आहे, पण ‘विकासाचा झंझावात’ ही तुझी भाषा नाही, त्यांची आहे. निवडून आलेल्या बाईच्या जागी नवरा बोलतो हे आपण आजूबाजूला इतकं बघतो की लोकांनी ते गृहीतच धरलं आहे. तुझ्या बाबतीत ते खरं नाही, सभेत तू स्वतः बोलतेस, हे मला ठाऊक आहे. मग अंकही तूच लिही, अडखळत का होईना. शाळेत असताना तू मला पत्रं लिहायचीस. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका असायच्या, पण कोणी काय केलं ते बरोबर समजायचं. जावईबापूंनी हवं तर छपाई बघावी.

अंक एकाच बाजूनं बोलतो, याचंही काही कर. अंक येतो त्या फोनवरच्या गटात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं अशी सोय तू केली आहेस. का केलीस ते समजतं. नाहीतर दिवसभर सुप्रभात आणि गणपतीचे फोटो. पण रविवारी संध्याकाळी तासभर तो उघडा ठेव, आणि आलेल्या प्रश्नांतले दोन-तीन पुढच्या अंकात उत्तरासकट छाप, त्यांतला एक तरी तुला न आवडलेला असू दे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी एक प्रत रेशन दुकानाबाहेर आणि एक दूध डेअरीच्या भिंतीवर लाव, मोठ्या अक्षरात. तिथे लोक रांगेत उभे असतात, हाताशी काही काम नसतं, वाचतात.

अंदाजपत्रकाची सभा जवळ आली आहे. विषयपत्रिका मिळाली की आदल्या रविवारीच छाप, सभेनंतर नाही. विषय आधी कळले तर माणसं तुला वाटेत गाठून सांगतील की कुठल्या बाबीवर काय बोल. आणि अंदाजपत्रकाच्या पुस्तकात मागच्या वर्षीच्या ‘प्रत्यक्ष जमा’ आणि ‘प्रत्यक्ष खर्च’ हे रकाने असतात, ते आधी वाच. सगळे जण पुढच्या वर्षीच्या तरतुदींवर तुटून पडतात. मागच्या तरतुदींतलं किती खर्चच झालं नाही, हे कोणी विचारत नाही. अडलं तर पानाचा फोटो पाठव, मी समजावून सांगीन. भाऊजींच्या गुडघ्याचं कळव. छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मामा

ता. क. पत्र मामीनं वाचलं. ती म्हणते, कचरागाडीची वेळ छापण्याआधी दोन दिवस स्वतः दारात उभी राहून बघ, गाडी खरंच साडेसातला येते का. आमच्याकडे छापलेली वेळ साडेसात आहे आणि गाडी साडेनऊला येते.