मुलाखतीचा रकाना

गेल्या पावसाळ्यांत आमची भाची आमच्यापुढें एक वही घेऊन उभी राहिली. 'आपल्या परिसरांतील एक हस्तकला' हा तिच्या शाळेचा प्रकल्प. मुखपृष्ठावर चकाकत्या कागदाची नक्षी चिकटवून झाली होती, प्रस्तावना व ऋणनिर्देशहि लिहून झाले होते. म्हणजे कार्याखेरीज सर्व कांहीं सिद्धीस गेलें होतें. "मामा, मुलाखत तेवढी तूच लिहून दे ना," ती म्हणाली. मागणी माफक होती. पण आम्हांस तिचें उत्तर एकाएकीं देतां येईना. कारण या विषयांत आम्ही पूर्वीं बक्षीस मिळविलेले गुन्हेगार आहों.

प्रकल्पाची कल्पना मूळची वाईट नव्हे. अमेरिकेंतील किलपॅट्रिक या शिक्षणशास्त्रज्ञानें १९१८ सालीं तिचा पुरस्कार केला. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हातच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें असा विचार मांडला. वाटा निराळ्या, पण मुलानें स्वतः कांहीं करून शिकावें हाच दोघांचा रोख. तयार प्रकल्प विकणाऱ्या दुकानांची या थोर पुरुषांस कल्पना नव्हती, इतकेंच.

आम्ही आठवींत होतों तेव्हां थर्मोकोलवर बंदी आलेली नव्हती; ती २०१८ सालीं आली. वर्गांतील निम्मीं मुलें बीबी-का-मकबऱ्याची प्रतिकृति करीत. यांत इतिहासप्रेमाचा भाग थोडा. थर्मोकोल मुळांतच पांढरा असतो व त्यास रंग द्यावा लागत नाहीं, हें खरें कारण. गंमत अशी कीं, खुद्द मकबऱ्यांतहि संगमरवर आहे तो घुमटास व खालच्या पट्ट्यास. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावर पांढरा गिलावा आहे. तेव्हां आमचे सवंगडी नकळत मूळ बांधणाऱ्यांच्या काटकसरीस जागले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राहिलेल्यांपैकीं बहुतेक पाणचक्की करीत. हरसूलकडून खापरी नळांतून जमिनीखालून कांहीं मैल आणलेलें पाणी केवळ उताराच्या जोरावर उंच भिंतींत चढावें, तेथून खालीं कोसळून जातें फिरवावें आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील फकिरांचें पीठ दळलें जावें, ही युक्ति कोणाहि मुलास वेड लावील अशी. परंतु आमच्या वर्गांतील प्रत्येक पाणचक्कीचें चाक बैलगाडीच्या चाकासारखें उभें होतें. खरें चाक जात्याखालीं आडवें फिरतें. शाळेपासून पाणचक्की चालत वीस मिनिटांवर. पण ती पाहावयास एकहि मुलगा गेला नव्हता, आणि चाक उभें कां, असें परीक्षकांनींहि कोणास विचारलें नाहीं.

आम्ही मात्र स्वतःस या सर्वांहून वेगळे समजत होतों. निजामी अमदानींत कारकुनी केलेल्या आमच्या आजोबांची हिमरूची शेरवानी घरांत पेटींत पडून होती. म्हणून आम्हीं हिमरू निवडला व चक्क माग पाहावयास गेलों. मुहम्मद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली तेव्हां ही विद्या इकडे आली, असें परंपरा सांगते. सोन्यारुप्याच्या तारांचें किनखाब ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठीं सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून तशीच वेलबुट्टी उठविणें, हें हिमरूचें मर्म.

जुन्या शहरांतील एका अरुंद गल्लींत खड्ड्याच्या मागावर एक वृद्ध विणकर बसले होते. आम्हीं उंबऱ्यावरूनच प्रश्नांचा कागद काढला. व्यवसायाचें नांव, कच्चा माल, कुटुंबांतील माणसें, इथपर्यंत ठीक चाललें. 'अडचणी' हा शब्द उच्चारतांच त्यांनीं धोटा थांबविला आणि म्हणाले, "बेटा, पहले बैठ के देखो. देखे बगैर क्या लिखते?" आम्ही बसलों. पावड्यांचा आवाज होई, फणी आपटे, ते एकेक धागा निरखीत. अर्ध्या तासांत बोटभर कापडहि पुढें सरकलें नाहीं. आमच्या शिकवणीची वेळ झाली होती. "चाचा, उद्यां येतों," असें म्हणून आम्ही उठलों. त्यांनीं मान हलविली. वर पाहिलें नाहीं.

तो उद्यां उगवला नाहीं. घरीं बसून आम्हींच लिहिलें: अडचण, भांडवलाचा अभाव, उपाय, शासनानें अनुदान द्यावें. शेवटीं 'विद्यार्थ्यांस संदेश' हा रकाना होता. तेथें त्या वृद्धाच्या तोंडीं आम्हीं एक सुरेख वाक्य घातलें, कीं पोरांनो, खूप शिका व आपल्या मातीची कला विसरूं नका. ज्यांनीं आम्हांस केवळ पाहावयास सांगितलें, त्यांच्या नांवावर हें वाक्य! प्रार्थनेच्या वेळीं तें मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आलें. टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र अजून आमच्यापाशीं आहे. त्यावर शहराचें नांव औरंगाबाद असें आहे. २०२३ सालापासून तें छत्रपति संभाजीनगर झालें, आणि खडकी, फतेहनगर व औरंगाबाद यांच्या पंक्तींत आणखी एका नांवाची भर पडली.

कॉलेजांत असतां एकदां त्या गल्लींतून जाण्याचा योग आला. खड्डा बुजवून वर फरशी घातली होती, आणि तेथें यंत्रावर विणलेल्या शाली टांगल्या होत्या. विणकरांविषयीं चौकशी करण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. झाला असता तरी कोणाविषयीं विचारणार? वहींत त्यांचें नांव 'चाचा' इतकेंच होतें.

हें सर्व भाचीस सांगितलें नाहीं. दुसऱ्या रविवारीं तिला घेऊन एका हातमागावर गेलों. शहरांत ते आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तिनें कागद काढला तेव्हां आमच्या छातींत धडधडलें. पण दोन प्रश्नांतच तिचें लक्ष कापडाकडे गेलें. मागावरील बाईंनीं कापडाची कड उलटून तिला मागची बाजू दाखविली. पुढें फुलें व वेली, आणि मागें रेशमाच्या सैल धाग्यांचा नुसता गुंता. भाचीनें त्या धाग्यांखालीं बोट घालून पाहिलें. "हे कापत का नाही?" तिनें विचारलें. मग बाई जें सांगूं लागल्या तें दिवे लागेपर्यंत संपलें नाहीं. आम्ही मध्यें दोनदां घड्याळ पाहिलें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

घरीं आल्यावर तिनें कापडाच्या दोन्ही बाजूंचीं चित्रें काढलीं. मागच्या बाजूचें अधिक मोठें. 'अडचणी' व 'संदेश' हे रकाने तसेच राहिले. "मामा, त्या काही बोलल्याच नाहीत यांवर. कोरे ठेवले तर गुण जातील का?" आम्ही म्हणालों, बहुधा जातील. ती थोडा वेळ पेन्सिल चावीत बसली. वही सोमवारीं द्यावयाची होती, आणि शनिवारीं रात्रीं आम्हीं तिच्या दप्तरांत डोकावून पाहिलें तेव्हां ते दोन्ही रकाने कोरेच होते.