आधीच केलेली खूण

मैत्रिणींनो, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, हॉटेलात बिल आलं की अगदी वेगळ्याच बायका होतो, नाही का? बडीशेप तोंडात टाकायची, पर्स आवरायची आणि बिल न वाचताच 'ह्यां'च्याकडे सरकवायचं!

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. हे काम म्हणजे पाककृती लिहिण्यासारखंच. फक्त यंत्राला 'चवीपुरतं मीठ' कळत नाही, सारं मोजून सांगावं लागतं. म्हणूनच ठामपणे सांगते, पडद्यावर काहीही आपोआप होत नसतं. फोनवरून जेवण मागवताना देणगीच्या चौकोनात आधीच खूण दिसली, तर ती कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेली असते. चौकोन रिकामा ठेवायलाही तेवढेच श्रम पडतात!

हॉटेलातलं सेवाशुल्क असंच. ते बिलात परस्पर लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या उचलून धरल्या. जीएसटी द्यायलाच हवा, तो सरकारी कर आहे. पण वाढप्याला खुशीने द्यायचं ते आपल्या हातानं द्यावं.

अ‍ॅप स्टोअरमध्येही 'पहिले सात दिवस फुकट' म्हणून मुलं काहीबाही घेतात आणि आठव्या दिवसापासून वर्गणी सुरू होते. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं की वर्गणी थांबली, असं पुष्कळजणींना वाटतं. तसं होत नाही हं! प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा आणि तिथे ती रद्द करा. आयफोनवर 'सेटिंग्ज'मध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स' सापडेल.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने अशा तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. न विचारता टोपलीत माल टाकणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, आणि 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं. ही तिसरी वाचून मला हसू आलं. तिला यंत्र कशाला हवं? 'चारचौघांत काय विचारायचं' हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो! आमच्या धंद्यात किती लोक खूण काढतात आणि किती तशीच ठेवतात, हे मोजता येतं. आपला संकोच हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं, बायांनो.

तेव्हा पुढच्या वेळी बिल आधी आपल्या हातात घ्या. सेवाशुल्क दिसलं तर शांतपणे म्हणा, "एवढं काढून द्या." ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाण्याची यादी आपण ओळ न् ओळ तपासतो ना? मग ही यादीही आपलीच आहे.